पाण्याच्या झोळीखाली

"काका येईपर्यंत राहील इथंच." दिग्रसमध्ये माझ्याबद्दल ठरलेली पहिली गोष्ट ही. दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली आमच्या फिरत्या टॉकीजचे मॅनेजर आणि बापू बोलत उभे होते, आणि मी आप्पांचं गाठोडं मांडीवर घेऊन ओट्यावर बसले होते. आप्पा, म्हणजे माझे वडील, टॉकीजचा तंबू शिवायचे. साताऱ्याकडून निघालेला तो तंबू जत्रा धरत धरत वऱ्हाडात आला, तापाने आप्पांना इथे गाठलं आणि चारच दिवसांत सगळं आटोपलं. तंबू पुढच्या गावी निघायचा होता. माझी आई मी लहान असतानाच गेलेली. शाळा सातवीत सुटलेली, कारण तंबू हलला की शाळाही हलायची. मॅनेजरसाहेब वाईट माणूस नव्हते, पण नुसत्या गड्यांच्या ताफ्यात वयात आलेली पोर कुठं सांभाळायची हे त्यांना सुचत नव्हतं. तेव्हा बापू म्हणाले, "राहू द्या पोरीले आमच्या इथं. कुठी नेता तिले गावोगाव? काकाले निरोप धाडा. तो येईपर्यंत राहील."

बापूंची ओळख एवढीच, की आमच्या तंबूचं कापड पाणी धरेनासं झालं म्हणून आप्पा ते त्यांच्याकडे रंगवायला घेऊन गेले होते. रंगवायला हा आमचा शब्द. बापूंना तो आवडत नसे. "रंग नाई तो, साबण हाये," असं ते म्हणायचे, आणि ऐकणारा हसायचा. हिरवा, कधीच फेस न येणारा साबण! पण तो साबणच होता. हे मला पुढे कळलं, आणि ज्या उन्हाळ्यात कळलं त्याच उन्हाळ्याबद्दल मला इथे लिहायचं आहे.

बापूंचं घर कापसाच्या जिनिंगच्या मागच्या अंगाला होतं. दिवसभर सरकी काढायचे रेचे घरघरत. भोंगा झाला की ती घरघर अचानक थांबे आणि कानात पोकळी झाल्यासारखं वाटे. कापसाचा फाया कुठेही असायचा, डोळ्यांच्या पापण्यांवर, पाण्याच्या गुंडावर, वरणात. घरात दोघंच. बापू आणि त्यांची बायको, जिला सगळा बंजारा तांडा याडी म्हणे. याडी म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागले, कारण दुसरं काय म्हणावं ते मला कोणी सांगितलं नाही. ती फेटिया घालायची, आरसे लावलेला घागरा, आणि ती मागच्या दारातून आली की तिच्याआधी भिंतीवर उजेडाचे ठिपके यायचे. दोघं एकमेकांत गोरबोलीत, म्हणजे तांड्याच्या बोलीत, बोलत, माझ्याशी वऱ्हाडीत, आणि मला सुरुवातीला दोन्हीतलं निम्मंच कळे. सकाळी भाकर, जिला ती बाटी म्हणे, आंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी. त्याच जवसाचं तेल मागच्या शेडमध्ये मोठ्या भांड्यात कॉस्टिक सोडा टाकून शिजत असे, त्यामुळे चटणीचा वास आणि साबणाचा वास माझ्या डोक्यात अजूनही वेगळे होत नाहीत. आज बाभुळगावला माझ्या सुनेनं जवस भाजला की मी आधी मागच्या दाराकडे बघते.

मी फार कमी खायची. भूक नव्हती असं नाही. ओझं दिसू नये म्हणून. कोणाच्याही आधी आपलं ताट घासून टाकायची, झोपताना अंग चोरून खाटेच्या एका कडेला. खाट त्यांच्या लेकीची, तिला पुसदकडे दिली होती. ती माहेराला आली तर मी कुठं झोपायचं, हा विचार मी रोज करायची, आणि ती बिचारी आली तेव्हा माझ्याच शेजारी झोपली. याडी सगळं बघत असे. "पाहुण्यासारखी काहून खातं वो तू?" एकदा तिनं विचारलं. मी म्हटलं, "काका आले की जायचंच आहे ना." ती माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकून चुलीकडे वळली.

कामाला मी स्वतःच हात घातला. बसून राहण्याची भीती वाटे. शेडमध्ये दोन सागवानी डोणी होत्या, माणूस आडवा झोपेल एवढ्या. पहिलीत साबणाचं कोमट पाणी. कापड त्यात बुडवायचं, पायाने तुडवायचं, साबण सुताच्या पोटात गेला पाहिजे. मग काढून निथळायचं, आणि दुसऱ्या डोणीत. तिच्यात मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या क्षाराचं, निळं पाणी. पांढरं कापड त्या निळ्यात गेलं की डोळ्यांदेखत हिरवं होत असे, आणि हा हिरवा पाण्याने निघत नसे. वरून हलकं धुऊन तापलेल्या फरशीवर पसरायचं. उन्हाने आतला हिरवा साबण मेणासारखा मऊ होऊन धाग्याधाग्याला बसे. मग त्यावर पाणी टाकलं की थेंब अळूच्या पानावरच्यासारखे पळत, आणि कोठारात वर्षभर दाबून ठेवलं तरी कापडाला बुरशी शिवत नसे, कारण तांबं बुरशीला जगू देत नाही. गाड्यावरच्या ताडपत्र्या, कापसाच्या ढिगांवरची झाकणं, मोटेचे दोर, सगळं त्या दोन डोणींतून जाई. कुंपणाच्या खांबांसाठी बापू तो हिरवा साबण तेलात विरघळवून ठेवत. खांबाचा पाय त्यात भिजवून पुरला की उधई, म्हणजे वाळवी, तोंड लावत नसे.

लोखंड मात्र निळ्या डोणीजवळ आणायला बंदी. का, ते आप्पांच्या दाभणाने दाखवलं. तंबूचा एक जुना तुकडा त्यांच्या गाठोड्यात होता, तो आम्ही बुडवला, आणि दाभण त्यातच टोचलेलं राहून गेलं होतं. बाहेर आलं ते लालसर, तांब्याचं होऊन. मी ते हातात धरून रडायलाच लागले. मला वाटलं आप्पांची शेवटची वस्तूही बदलून गेली. बापू म्हणाले, "रडतं कायले? वरवर बसलं हाये तांबं. घास, निघून जाईल." मी घासलं नाही. आज ते माझ्या सुयांच्या डब्यात आहे. तांबं केव्हाच झडलं, आता नुसतं गंजलेलं दाभण आहे.

आणि दिवा. याडीचा पितळी दिवा देवळीत असे. तेल ओघळून त्याच्या बुडाशी हिरवं, चिकट काहीतरी साचायचं, ते मी राखेने घासत बसायची. बापूंनी एकदा नखाने ते खरवडून माझ्यासमोर धरलं. "वळखलं का? आपलाच माल हाये. तेल आंबट झालं, पितळेतलं तांबं त्यात उतरलं, झाला साबण. आपण डोणीत करतो, दिवा बसल्या बसल्या करते." म्हणूनच कल्हई उडालेल्या भांड्यात याडी तूप ठेवू देत नसे. तूप हिरवं पडतं, कळकतं, पोटात गेलं तर ओकाऱ्या होतात. बाहेर जे कापडाला वाचवतं ते पोटाला विष आहे, हे तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. शेडमधून आलं की हात चुलीच्या राखेने धुतल्याशिवाय ती भाकरीला हात लावू देत नसे.

काकांचा निरोप आला तो उन्हाळा चढल्यावर. पेरणीच्या आधी येतो, पोरीला तयार ठेवा. तयार म्हणजे काय करायचं असतं? माझे दोन झगे आणि एक परकर मी घडी घालून गाठोड्यात ठेवले आणि तेवढ्यावर माझी तयारी संपली. काकांचं घर मला आठवत होतं. एक खोली, पाच पोरं, आणि एक काकू जी मुळात वाईट नव्हती पण जिला वाकलेली पाठ सरळ करायलाही उसंत नव्हती. इथून जाऊ नये असं मला वाटत होतं, पण हे म्हणायचा अधिकार कुणाला असतो? 'ठेवा मला' म्हणणं म्हणजे मागणं, आणि आधीच इतकं घेतलेलं. याडीनंही विषय काढला नाही. तीही कदाचित विचार करत असेल, की रक्ताच्या माणसाला आपण कोण अडवणार.

त्याच दिवसांत विहीर आटली आणि बोअरचं पाणी वापरावं लागलं. पहिल्याच दिवशी साबण फाटला. नासलेल्या दुधासारखे पांढरे गोळे डोणीत तरंगू लागले, कापड बाहेर निघालं ते वरून पिठूळ, मध्येच हिरवं, मध्येच कोरडं. बापूंनी त्यावर पाणी ओतलं तर सरळ खाली. असं एक कापड गेलं, दुसरं गेलं. बापू जेवेनात. इतक्या वर्षांत त्यांनी विहिरीशिवाय दुसरं पाणी वापरलंच नव्हतं. त्यांना वाटलं कॉस्टिक खराब आलं, मग वाटलं मोरचूद खोटं आहे. घरात तूरही शिजेना. याडी वैतागून म्हणाली, "हे पाणी नाई, गोटे हायेत," आणि तिनं डाळीत चिमूटभर सोडा टाकला.

मागच्या गल्लीत वानखडे सर राहत, शाळेत विज्ञान शिकवत. संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे "जयभीम, बापू" म्हणत आत आले आणि फाटलेला साबण पाहून, न शिजणाऱ्या डाळीची गोष्ट ऐकून खाली बसले. मला समोर पाहून त्यांनी सांगायला सुरुवात केली, बहुतेक बापूंना थेट शिकवणं त्यांना बरं वाटलं नसावं. "हे पाय, साबण म्हणजे दोघांचं बिऱ्हाड. एक तेलातलं आम्ल, एक सोडा. सोड्याचं पाण्याशी लय जमते, म्हणून साबण पाण्यात विरघळते. तांबं आलं की ते सोड्याले उठवते अन् त्याच्या जागी बसते. तांब्याचं पाण्याशी जमत नाई. म्हणून तुमचं कापड पाणी घेत नाई. आता बोअरच्या पाण्यात चुना हाये. तांब्याच्या आधी तोच येऊन बसून राह्यला. साबण कापडाच्या पोटात जायच्या आधी वरच्यावर दही झाला. तांब्यानं बसावं कुठी?"

"मग उपाय काय जी?" बापू म्हणाले.

"याडीनं डाळीत केला तोच. पाण्यात आधी धुण्याचा सोडा टाका, रातभर ठेवा. चुना बुडाशी बसते. वरचं नितळ घ्या."

"म्हणजे मी मास्तरीण झाली का?" याडी चुलीजवळून म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी बापू हसले.

मी मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकले होते. मी विचारलं, "सर, उठवलेल्या सोड्याचं काय होतं?"

"त्याचं काय व्हायचं? धुताना पाण्याबरोबर वाहून जाते."

ते सहज म्हणाले आणि चहा प्याले. मी उठून माझं बांधलेलं गाठोडं एकदा पाहून आले.

दुसऱ्या दिवशी नितळ पाण्यावर बापूंनी मला एकटीला कापड करायला लावलं. साबण शिजवण्यापासून वाळवण्यापर्यंत. "पाहू, कोणाचा हात लागते नशिबाले," म्हणाले. मी ते तुडवलं, बुडवलं, फरशीवर फिरवून फिरवून वाळवलं. रंग एकसारखा आला होता. पण रंगावरून बापू काही मानत नसत. त्यांची एक रीत होती. नवीन पाण्याचं किंवा नवीन हाताचं कापड असलं की चार खांबांना चार टोकं बांधून त्याची झोळी करायची, तिच्यात सकाळी पाणी भरायचं, आणि दुपारचं जेवण ज्यानं ते केलं त्यानं त्या झोळीखाली बसून जेवायचं. ताटात एक जरी थेंब पडला तरी कापड परत डोणीत. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलुखभर फिरायचे, तेव्हा ज्यानं गोणी शिवली त्यानंच पावसात ती डोक्यावर घेऊन बसायचं, अशी ती रीत आली, असं ते सांगत. खरं-खोटं बापूच जाणोत. मी त्यांना स्वतःला तसं बसून जेवताना पाहिलं होतं, मान खाली घालून, गंभीर, देवळात बसल्यासारखं.

तर मी बसले होते. वर पाण्याने फुगलेलं हिरवं पोट माझ्या डोक्यापासून वीतभर उंच. ते फार शांत असतं. उजेड त्यातून हिरवा होऊन ताटात पडतो. समोर भाकर, आंबाडी, कांदा. आणि तेवढ्यात अंगणात चप्पल वाजली, आणि मला ती चाल आप्पांची वाटली. काका होते. यवतमाळहून एसटीने आले होते, धोतरावर धुळीचा थर, हातात पिशवी.

"आगं सुमे," ते म्हणाले, "केवढी झालीस गं! आन् ह्ये कुठं बसलीयास?"

मला उठता येईना. बापू पुढे झाले. "राम राम पाव्हणे. पोरगी जेवण झाल्याबिगर उठू शकत नाई. तिची ताडपत्री टांगली हाये. तुमी हातपाय धुवा."

काका हातपाय न धुताच उभे राहिले. अवघडलेला माणूस उभाच राहतो. "तुमचे लय उपकार हायेत," ते म्हणाले. "आमचं घर म्हंजी एक खोली. पर थोरल्या भावाची लेक परक्याच्या दारात ऱ्हावी, ह्ये बरं न्हाय दिसत. लोक इचारत्यात. बाई, तिचं सामान बांधलंय न्हवं?"

याडीने मान हलवली. बांधलं होतं, मीच बांधलं होतं. ती एवढंच म्हणाली, "तिनं केली हाये ही, एकटीनं. पाहा तरी."

काका झोळीजवळ आले, वाकून वर पाहू लागले. एवढं पाणी कापडात कसं राहतं याचं त्यांना खरंच नवल वाटलं असावं. "आयला, दगडावानी हाय की," म्हणत त्यांनी बोट वर केलं.

"हात लावू नका!" बापू ओरडले. पण बोट टेकलं होतं, आणि टेकलं ते फिरलंही होतं, घोड्याची पाठ कुरवाळावी तसं. पाणी धरलेल्या अशा कापडाला खालून चोळलं की तेवढ्या जागी ते हार मानतं. शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून आम्ही मान खाली घालून बसतो. काकांना कुठून ठाऊक असणार? जिथे बोट फिरलं तिथे एक थेंब फुगला, लोंबला आणि माझ्या भाकरीवर पडला. मग दुसरा.

"गळतंय की गं," काका म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं.

मी बापूंकडे पाहिलं. ते झोळीकडे पाहत होते. थेंब म्हणजे थेंब, तो कोणामुळे पडला हे रीत विचारत नाही. माझ्या मनात एकच आलं, की आता निघावं. धुताना सोडा निघून जातो तसं. मी ताट उचलून उठायला गेले.

तेवढ्यात याडी आली. खाली वाकून तिनं माझं ताट माझ्या हातातून काढून घेतलं. "तांब्याचं पाणी पडलं, हे आता पोटात घालू नको," म्हणाली, आणि ते बाजूला सारलं. मग स्वतःचं ताट घेऊन, फेटिया सावरत, झोळीखाली माझ्याशेजारी येऊन बसली. तिच्या ताटातली भाकर आधीच मोडलेली होती. तिनं ताट आमच्या दोघींच्या मध्ये ठेवलं. "खा," ती म्हणाली. थेंब आमच्या बाजूला जमिनीवर पडत होते.

काका बघत होते. आमच्या गावाकडे कोण कोणाच्या ताटात जेवतं याला किती अर्थ असतो ते मला ठाऊक होतं, आणि त्यांनाही. मी त्यांच्याकडे न बघता हात पुढे केला आणि याडीच्या ताटातला घास मोडला. मागणं मला आयुष्यात जमलं नाही, आजही जमत नाही. त्या दिवशी जे काही मी मागितलं ते त्या घासाने मागितलं.

आम्ही जेवत होतो. थेंबांमधलं अंतर वाढू लागलं. सुती धागा पाण्याने फुगतो आणि आपली वाट आपणच बुजवतो, हे बापूंनी मला नंतर समजावलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं, की आता थेंब पडायला हवा होता आणि पडला नाही. बापूंनी जवळ येऊन त्या जागेखाली तळहात धरला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. कोरडा तळहात त्यांनी काकांना दाखवला, आणि म्हणाले, "पोरीचं काम झालं. आता तुमीच सांगा, पाव्हणे."

काकांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, परत घातली. त्यांना सुटल्यासारखं वाटलं का? वाटलं असेल. एक खोली आणि पाच पोरं. पण चेहऱ्यावर लाजही होती, आणि ती लाज मला अजून दिसते. ते म्हणाले, "मग सध्या ऱ्हाऊ दे हितंच."

सध्या. बसस्टँडवर त्यांना सोडायला गेले तेव्हाही ते हेच म्हणाले. एसटीच्या खिडकीतून हलणाऱ्या हाताच्या एका बोटाला पुसट हिरवं लागलेलं होतं. त्या एका 'सध्या'वर मी माझी सगळी उमर काढली आहे, आणि खरं सांगायचं तर यवतमाळची गाडी आली की कित्येक वर्षं मी उतरणाऱ्यांकडे बघत उभी राहत असे, काका उतरले तर काय म्हणून. बाजारात आलेल्या निळ्या प्लॅस्टिकच्या ताडपत्र्यांनी बापूंचं शेड बंद पाडलं, डोणी चुलीत गेल्या, बापू गेले, याडी गेली. मी कोणाच्या घरी जेवायला गेले की अजूनही आधी माझं ताट घासायला उठते. सून ओरडते.

काका परत आले ते एकदाच, माझ्या लग्नात. मांडवाला बापूंनी माझ्याच हातचं हिरवं कापड लावलं होतं, आणि आदल्या दिवशीच्या अवकाळी पावसाने त्याचं पोट जरा खाली आलं होतं. काका मांडवात शिरले ते टोपी काढून, कमरेत वाकून, दोन्ही हात काखेत घट्ट धरून. तसेच वाकत वाकत याडीपर्यंत आले.

"हात न्हाय लावला, वैनी," ते म्हणाले.